केमोचं औषध शिरेबाहेर सांडलं, तर

‘सलाईन आउट झालं’ हे वाक्य हॉस्पिटलात एकदा तरी राहून आलेल्या माणसाला नवं नाही. सुई जागची हलते, शिरेत जायचं पाणी कातडीखाली साठत जातं, हात टम्म फुगतो. सिस्टर सुई काढतात, दुसऱ्या हाताला नवी लावतात आणि एक-दोन दिवसांत सूज उतरते. मिठाचं पाणीच ते, शरीर शोषून घेतं. पुढच्या आठवड्यात कोणाच्या ते लक्षातही राहत नाही.

केमोथेरपीतल्या काही औषधांच्या बाबतीत मात्र हाच साधा अपघात महिनोन्महिने पुरतो. आधी थोडी लाली, मग ठणका, मग फोड, मग काळी पडलेली कातडी, आणि वेळेवर काही केलं नाही तर बोटं हलवणाऱ्या कंडरांपर्यंत खोल जाणारी जखम. वैद्यकात याला एक्स्ट्राव्हेजेशन म्हणतात, म्हणजे औषध शिरेतून बाहेर पडून आजूबाजूच्या ऊतींमध्ये शिरणं. हे काही रोज घडत नाही. हाताच्या शिरेतून दिलेल्या केमोत साधारण ०.१ ते ६ टक्के असे आकडे सांगितले जातात. आकड्यांत एवढी तफावत आहे, कारण अशा घटना सगळीकडे सारख्या काटेकोरपणे नोंदल्या जात नाहीत.

या प्रकारातली खरी दगाबाज गोष्ट वेळेची आहे. जखमेचं पुढे काय होणार हे बरंचसं पहिल्या काही तासांत ठरतं, पण जखम दिसते आठ-पंधरा दिवसांनी. जेव्हा काही करता येतं तेव्हा डोळ्यांना विशेष काही दिसत नसतं, आणि जेव्हा सगळं स्पष्ट दिसतं तेव्हा करण्यासारखं थोडंच उरलेलं असतं.

आत चालतं, मग बाहेर का नाही?

जे औषध कातडीखाली मांस जाळतं ते शिरेला कसं जाळत नाही, अशी शंका साहजिक आहे. उत्तर प्रवाहात आहे. शिरेतलं रक्त थांबलेलं नसतं. औषधाचा थेंब आत पडला की क्षणात पुढे ओढला जातो, हृदयातून फिरतो, आणखी रक्तात मिसळतो आणि मिनिटभरात सगळ्या शरीरात विखुरतो. कुठल्याही एका जागेच्या वाट्याला त्याचा अगदी विरळ अंश येतो. वाहत्या पाण्यात टाकलेली शाई दिसेनाशी होते, तीच सदऱ्यावर सांडली तर तिथेच बसते. कातडीखाली प्रवाह नाही. औषध पूर्ण ताकदीनिशी एकाच जागी साचतं आणि तिथल्या प्रत्येक पेशीशी त्याची गाठ पडते. पेशी मारणं हे तर त्याचं कामच आहे. समोरची पेशी कॅन्सरची की चांगली, हे त्याला कळत नाही.

तसं शिरेलाही हे औषध अगदी सोसतं असं नाही. केमो घेतलेल्या अनेकांच्या हाताच्या शिरा दोरीसारख्या कडक होतात, वरून काळसर रेघ उमटते. तो शिरेचा दाह असतो. त्रासदायक असला तरी तो वेगळा प्रकार आहे.

सगळीच औषधं सारखी घातक नसतात. मेथोट्रेक्सेट, सायटाराबिन, ब्लिओमायसिन किंवा ट्रास्टुझुमॅबसारखी प्रतिपिंडं बाहेर गेली तर सहसा थोडी सूज येते आणि जाते. दुसरा गट चुरचुर, आग, लाली आणणारा. कार्बोप्लॅटिन, इटोपोसाइड, इफोस्फामाइड त्यात येतात. ती त्रास देतात, पण सहसा मांस मारत नाहीत. सिस्प्लॅटिन हा दुसरा गट आणि पुढचा तिसरा गट यांच्या मधे कुंपणावर बसलेलं आहे. ते पातळ असेल तर नुसती आग होते, पण जास्त तीव्रतेचं आणि जास्त प्रमाणात बाहेर गेलं तर तेही जखम करतं. तिसरा गट व्हेसिकंट औषधांचा, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

व्हेसिकंट म्हणजे फोड आणणारं. हा शब्द युद्धातल्या विषारी वायूंसाठीही वापरतात, आणि तो काही योगायोग नाही. पहिल्या महायुद्धात वापरलेला मस्टर्ड गॅस कातडीवर मोठाले फोड आणायचा. त्याच घराण्यातलं नायट्रोजन मस्टर्ड १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एका लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) पेशंटला शिरेतून दिलं गेलं, आणि आधुनिक केमोथेरपीची सुरुवात तिथून मानतात. तेव्हा फोड आणण्याचा गुण केमोला नंतर कुठून चिकटलेला नाही, तो जन्मापासूनचा आहे.

राहणारं विष आणि जाणारं विष

व्हेसिकंटमध्येही दोन जाती आहेत. त्यांतला फरक समजला की पुढच्या उपचारातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

पहिली जात डीएनएला चिकटणाऱ्या औषधांची. डॉक्सोरुबिसिन हे त्यातलं सगळ्यांत माहितीचं नाव. पेशंटांच्या बोलण्यात ते ‘लाल औषध’ किंवा ‘लाल सलाईन’ असतं. एपिरुबिसिन, डॉनोरुबिसिन, इडारुबिसिन ही त्याची भावंडं, या सगळ्यांना मिळून अँथ्रासायक्लिन म्हणतात. मायटोमायसिन आणि डॅक्टिनोमायसिनही याच जातीची. डॉक्सोरुबिसिन पेशीत शिरतं, डीएनएच्या पायऱ्यांमध्ये स्वतःला अडकवून घेतं आणि पेशी मरते. इथवर ठीक. पण पेशी मेली म्हणून औषध संपत नाही. पेशी फुटते, डीएनएला चिकटलेलं औषध तसंच बाहेर पडतं, शेजारची पेशी ते आत घेते आणि तीही मरते. मग तिच्या शेजारची. एकाच मात्रेवर हा क्रम आठवडेच्या आठवडे चालू राहू शकतो. अशा जखमा वरवर शांत दिसतात आणि आतल्या आत रुंद आणि खोल होत जातात. साधी भाजलेली जखम पहिल्या दिवशी सगळ्यांत वाईट असते आणि मग भरत येते. ही त्याच्या बरोबर उलट वागते.

दुसरी जात डीएनएला न चिकटणाऱ्यांची. व्हिन्क्रिस्टिन, व्हिनब्लास्टिन ही औषधं सदाफुलीच्या झाडापासून मिळालेली, व्हिनोरेल्बिन त्यांच्यावरूनच बेतलेलं. पॅक्लिटॅक्सेलचा शोध यू नावाच्या झाडाच्या सालीत लागला. ही औषधं पेशीच्या आतल्या सांगाड्यावर घाव घालतात. तीही पेशी मारतात, त्यांचीही जखम होते, पण ऊतींमध्ये ती मुरून बसत नाहीत. शरीर त्यांना मोडून बाहेर काढतं. म्हणून त्यांची जखम सहसा मर्यादित राहते आणि भरतेही तुलनेने लवकर.

पहिली खबर

औषध जात असताना सुईच्या जागी आग, टोचल्यासारखं, ठणकल्यासारखं वाटणं ही सर्वांत पहिली आणि सर्वांत मोलाची खूण. जोडीला सूज, लाली, कातडी ताणल्यासारखी वाटणं. सिस्टरच्या बाजूने पाहिलं तर सिरिंजचा दट्ट्या जड लागतो, सलाईनची धार मंदावते, मागे ओढलं तर रक्त येत नाही.

इथे एका वाक्यावर माझा राग आहे. ‘थोडी आग होणारच.’ कधी ते नातेवाईक म्हणतात, कधी घाईतला कर्मचारी म्हणतो, आणि सगळ्यांत जास्त वेळा पेशंट स्वतःच स्वतःला सांगतो. एवढ्या मोठ्या आजाराला तोंड देताना हाताची चुरचुर काय सांगायची, असा संकोच असतो. सिस्टर आधीच दहा जणांमागे धावत असतात, त्यांना कशाला हाक मारायची, असंही वाटतं. मारायची हाक. ‘सिस्टर, इथे आग होतेय, जरा बघता का’ एवढं पुरे. दहादा हाक मारून नऊदा काहीच निघालं नाही, तरी कोणी वेळ वाया घालवला असं होत नाही. हातात पुस्तक घेतलं, डोळा लागला तरी सुईची जागा पांघरुणाखाली जाऊ देऊ नये, ती नजरेसमोर असावी.

याला एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. दुखलं नाही म्हणजे औषध बाहेर गेलंच नाही, असं नसतं. काही वेळा काहीच जाणवत नाही आणि सूज घरी गेल्यावर लक्षात येते. मधुमेहाने किंवा आधीच्या केमोने हात बधिर झालेला माणूस, गुंगीत असलेला पेशंट, बोलता न येणारं बाळ, ‘दुखतंय’ हे नीट सांगू न शकणारे वयस्कर, यांच्याकडून ही खबर येणारच नाही. त्यांच्या हाताकडे दुसऱ्या कोणाला तरी बघत बसावं लागतं.

उलट बाजूही आहे. प्रत्येक लाली म्हणजे गळती नव्हे. डॉक्सोरुबिसिन देताना कधी कधी शिरेच्या वाटेवर गांधी उठल्यासारखे लाल चट्टे येतात, खाज सुटते. औषध शिरेतच असतं, मागे ओढलं तर रक्त येतं, आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं मावळतं. ही नुसती प्रतिक्रिया. आणखी एक विचित्र प्रकार म्हणजे जुन्या जागेची आठवण. पूर्वी एका हाताला गळती झालेली असते, ती बरी होते, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या हातातून औषध दिलं तरी ती जुनी जागा पुन्हा लाल होऊन दुखू लागते. यातलं काय कुठलं, हे ठरवणं पेशंटचं काम नाही. त्याने फक्त सांगायचं.

सुई कुठे आणि कशी

खबरदारीचा अर्धा भाग जागा निवडण्यात आहे. मनगटाच्या पुढे, हाताच्या पाठीवर शिरा छान ठसठशीत दिसतात, म्हणून तिथे सुई लावायचा मोह होतो. पण तिथे कातडीखाली चरबी जवळजवळ नसते, लगेच कंडरा आणि नसा. गळती झाली तर बोटांच्या हालचालीवरच घाला. कोपराच्या खळगीतही हीच अडचण, शिवाय तिथली सूज खोल असल्यामुळे उशिरा दिसते आणि हात वाकला की सुई हलते. म्हणून कोपर आणि मनगट यांच्या मधला सपाट भाग बरा. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत किंवा ज्या हाताला सूज आहे, तो हात टाळतात. व्हेसिकंटसाठी लोखंडी बटरफ्लाय सुई नको, मऊ नळीचा कॅन्युला हवा. पट्टीही पारदर्शक, म्हणजे खाली काय चाललंय ते दिसतं.

एक बारकावा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. समजा पहिला प्रयत्न कोपराजवळ फसला आणि मग त्याच शिरेवर खाली, मनगटाकडे सुई लागली. वरकरणी सगळं ठीक. पण रक्त वाहतं ते मनगटाकडून खांद्याकडे. म्हणजे औषध वाटेत त्या आधीच्या भोकाजवळून जाणार, आणि तिथून बाहेर झिरपू शकणार. खालची सुई अगदी नीट शिरेत असेल, मागे रक्तही येत असेल, तरीही. म्हणून नवी सुई शक्यतो दुसऱ्या हाताला, नाहीतर आधीच्या भोकाच्या वर.

औषध देण्याआधी मिठाचं पाणी सोडून शीर मोकळी आहे का ते बघतात. दट्ट्याने औषध देताना दर काही मिलिलिटरनंतर रक्त येतंय का ते पुन्हा तपासतात, आणि बाजूने सलाईनची धार चालू ठेवतात. पंपावर भिस्त ठेवून चालत नाही, तो औषध कातडीखालीही निमूटपणे ढकलत राहू शकतो. व्हेसिकंट बराच वेळ थेंब थेंब द्यायचं असेल तर हाताची शीर योग्य नव्हेच. तिथे पोर्ट (छातीवर कातडीखाली बसवलेली, नळी जोडलेली छोटी चकती) किंवा पिक लाइन (दंडातून आत सरकवलेली लांब नळी) लागते, म्हणजे नळीचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत, जिथे रक्ताचा लोंढा असतो.

पोर्ट बसवलं की धोका खूप कमी होतो, संपत नाही. सुई पोर्टच्या चकतीतून निसटू शकते, नळी तुटू शकते, टोकाशी जमलेल्या पडद्यामुळे औषध नळीवरून मागे येऊ शकतं. छातीत, मानेत किंवा खांद्यात दुखणं, पोर्टभोवती सूज, धाप लागणं ही त्याची चिन्हं. औषध छातीच्या पोकळीत गेलं असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही, सीटी स्कॅन करावा लागतो.

झालंच तर

औषध ताबडतोब बंद. पण सुई ओढून काढायची नाही. ही चूक स्वाभाविक आहे, कारण साध्या सलाईनला आपण तेच करतो. इथे ती सुई म्हणजे सांडलेल्या औषधापर्यंत जाणारी एकमेव वाट असते. तिला रिकामी सिरिंज जोडून जितकं मागे ओढता येईल तितकं औषध ओढून घेतात, मगच ती काढतात. सुईतून पाणी सोडून ‘धुवायचं’ नाही, जागा चोळायची नाही, दाबायची नाही. त्याने औषध पसरतं. मग लालीच्या कडेने पेनने रेघ आखतात, फोटो काढतात, किती वाजता किती औषध गेलं ते लिहून ठेवतात, हात उशीवर उंच ठेवतात.

पुढे येतो गरम की गार हा प्रश्न, आणि इथे घरगुती शहाणपण थेट घात करू शकतं. अँथ्रासायक्लिन आणि मायटोमायसिनला गार शेक. रक्तवाहिन्या आकसतात, औषध त्याच जागी कोंडून राहतं आणि पेशी ते कमी आत घेतात. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार वेळा, एक-दोन दिवस. व्हिन्क्रिस्टिन आणि त्याच्या भावंडांना, म्हणजे व्हिन्का औषधांना, मात्र कोमट शेक, कारण ती मुरून बसत नाहीत, तेव्हा त्यांना पसरवून पांगवून टाकणंच फायद्याचं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत व्हिन्काच्या गळतीवर गार शेक दिला तेव्हा जखम उलट वाढली. राहणाऱ्या विषाला कोंडायचं, जाणाऱ्याला वाट करून द्यायची. ऑक्सॅलिप्लॅटिन या आणखी एका केमोच्या औषधाला गार नकोच, थंडीने त्याचा नसांवरचा त्रास भडकतो. म्हणून बाहेर गेलेल्या औषधाचं नाव माहीत नसताना मनाने बर्फ लावायचा नाही आणि गरम पिशवीही नाही.

उताऱ्यांचंही असंच. व्हिन्काच्या गळतीभोवती हायल्युरोनिडेज हे एन्झाइम टोचतात. ते ऊतींमधला गोंद सैल करतं आणि औषध लवकर शोषलं जातं. अँथ्रासायक्लिनसाठी डेक्सराझोक्सेन. मुळात ते याच औषधांपासून हृदय वाचवण्यासाठी वापरात होतं, गळतीवरचा उतारा म्हणून त्याला २००६ मध्ये युरोपात आणि २००७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते जखमेत टोचत नाहीत, दुसऱ्या हाताच्या शिरेतून देतात, ओळीने तीन दिवस, आणि पहिला डोस सहा तासांच्या आत. ते देण्याआधी किमान पंधरा मिनिटं गार पिशवी काढून ठेवतात, नाहीतर आकसलेल्या रक्तवाहिन्यांमधून उतारा तिथे पोचणार कसा?

ज्या अभ्यासांवर ही मान्यता आधारलेली आहे त्यांतली पद्धत मला फार आवडते. डॉक्सोरुबिसिन आणि त्याची भावंडं विशिष्ट प्रकाशात चमकतात. मग संशोधकांनी कातडीचा छोटा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ती चमक शोधली आणि ज्यांच्यात औषध खरोखरच सांडलं होतं तेच पेशंट मोजले. असे ५४ निघाले, त्यांतल्या फक्त एकाला ऑपरेशन लागलं.

डेक्सराझोक्सेन महाग आहे आणि त्याने रक्तातल्या पेशीही कमी होतात, त्यामुळे ते सरसकट देत नाहीत. दुसरा पर्याय डीएमएसओ हा द्राव. तो जागेवर दिवसातून तीन-चार वेळा लावून उघडाच वाळू देतात, सात दिवस किंवा जास्त. लावलेल्या माणसाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो, घाबरायचं कारण नाही. डेक्सराझोक्सेन आणि डीएमएसओ मात्र एकत्र वापरत नाहीत. पूर्वी जागेवर स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याची पद्धत होती, आता ती मागे पडली आहे.

एवढं करूनही जखम झालीच तर प्लास्टिक सर्जनकडे लवकर जावं लागतं. काही ठिकाणी पहिल्याच दिवशी कातडीला बारीक छेद देऊन आतून मिठाच्या पाण्याने धुऊन काढतात. उशीर झाला असेल तर मेलेला भाग कापून त्यावर कातडी लावतात. तळाशी डॉक्सोरुबिसिन उरलं असेल तर लावलेली कातडी धरत नाही, म्हणून बराच रुंद भाग कापावा लागतो. या सगळ्यात पुढची केमो लांबते, आणि कित्येकांना हातापेक्षा त्याचीच काळजी जास्त असते.

गळती झाल्यावर घरी सोडताना पेशंटला तीन गोष्टी मिळायला हव्यात, नाही मिळाल्या तर मागून घ्याव्यात: कुठलं औषध बाहेर गेलं त्याचं लेखी नाव, रात्री-बेरात्री लागेल असा केमो वॉर्डाचा नंबर, आणि पुन्हा दाखवायची तारीख. आंघोळीत ती पेनची रेघ पुसू द्यायची नाही, पुसट झाली तर त्याच जागी पुन्हा आखायची. रोज साधारण त्याच उजेडात फोटो काढायचा. घट्ट बाही नको, ऊन नको, मनाने कुठलं मलम नको, पण बोटं हळूहळू हलवत राहायची, म्हणजे सांधे आखडत नाहीत. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही म्हणून फोटो थांबवू नयेत. लाली रेघेबाहेर आली, ठणका वाढला, कातडी काळी-निळी दिसू लागली किंवा फोड आला, तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा.